पोटाचा ताणा-बाणा: घरी करायचे व्यायाम आणि त्यांमागची कारणे

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळच्या वेळी कोणत्याही बोळातून चालत गेले, तर उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बायका दिसतात. पाठ पुढे झुकलेली असते, मान खाली असते, पोट घडी पडून आत दबलेले असते आणि ठरलेल्या विड्या पुऱ्या होईपर्यंत ही बैठक फारशी मोडत नाही. शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवणारा कारागीर आणि जुळे सोलापुरात संगणकासमोर बसणारा तरुण यांची कामे निराळी असली, तरी शरीराची ठेवण तीच, दिवसभर पुढे झुकलेली. अशा माणसाची कंबर दुखू लागली किंवा पोट सुटू लागले, की त्याला पहिला सल्ला मिळतो तो रोज शंभर सिट-अप मारण्याचा, म्हणजे उताणे झोपून धड उचलून पुन्हा पुन्हा उठून बसण्याचा. हा सल्ला मला चुकीचा वाटतो. तो का चुकीचा आहे आणि त्याऐवजी घरातच, एका सोलापुरी चादरीएवढ्या जागेत, काय करता येते हे येथे सविस्तर सांगते.

पोटाची भिंत एका स्नायूची बनलेली नाही. सोलापूरकराला ती समजण्यासाठी मागाची उपमा सर्वांत जवळची आहे. कापडात जसे ताण्याचे धागे उभे आणि बाण्याचे धागे आडवे जातात, तसे पोटाच्या भिंतीतील स्नायूंचे धागेही ठरावीक दिशांनी जातात आणि त्या दिशांवरूनच त्यांचे काम ठरते. मध्यभागी, छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत, दोन उभ्या पट्ट्यांचा स्नायू असतो. त्याला मध्ये मध्ये आडवे चिवट दोर छेदून जातात, म्हणून बारीक माणसाच्या पोटावर त्याचे चौकोन दिसतात आणि त्यालाच आपण 'सिक्स पॅक' म्हणतो. हे दोर किती आणि कोठे असावेत हे जन्मतःच ठरलेले असते. व्यायामाने चौकोन ठळक होऊ शकतात, पण त्यांची संख्या वाढत नाही. 'वरच्या पोटाचा' आणि 'खालच्या पोटाचा' असे दोन वेगळे स्नायूही नसतात, हा एकच सलग स्नायू आहे.

दोन्ही कुशींना तीन थर एकावर एक असतात. पँटच्या खिशात हात घातल्यावर बोटे ज्या तिरक्या दिशेला जातात, त्या दिशेने सर्वांत बाहेरच्या थराचे धागे जातात. त्याच्या आतल्या थराचे धागे याच्याशी जवळजवळ काटकोन करतात. सर्वांत आतला थर आडवा असतो आणि तो पाठीकडून निघून कमरपट्ट्यासारखा पोटाला वेढा घालतो. या तिन्ही थरांचे चपटे पापुद्रे पुढे येऊन मधल्या उभ्या स्नायूला म्यानासारखे झाकतात आणि बेंबीच्या वरखाली, बरोबर मध्यरेषेवर, एकमेकांत विणले जातात. उभे, आडवे आणि दोन्ही बाजूंनी तिरके असे चारही दिशांचे विणकाम येथे असल्यामुळे ही भिंत कोणत्याही बाजूने आलेला ताण झेलू शकते.

या भिंतीला वर झाकण आहे आणि खाली तळही आहे. वर श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ धरणारे स्नायू आणि मागे मणक्याला बिलगलेले छोटे स्नायू, असा तो बंद डबा तयार होतो. हे सगळे एकाच वेळी हलकेसे आवळले गेले की आतला दाब वाढतो आणि कंबरेचा मणका त्या दाबाच्या आधाराने स्थिर राहतो. ज्वारीचे ठासून भरलेले पोते सरळ उभे राहते आणि अर्धे रिकामे पोते मध्येच मोडून पडते, त्यातला प्रकार हाच आहे. ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले, की निरोगी माणूस नुसता हात उचलतो तेव्हासुद्धा त्याच्या पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू हाताच्या स्नायूच्या आधी आवळला जातो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये मात्र हाच स्नायू उशिरा जागा होत होता. पोटाचे मुख्य काम शरीराला वाकवणे हे नाही. हातपाय हलत असताना, ओझे उचलताना किंवा पाय घसरताना धड वाकू न देणे, वळू न देणे आणि मणक्याला सावरून धरणे, हे त्याचे मुख्य काम आहे.

ज्यांनी सोलापूरची गड्ड्याची यात्रा जवळून पाहिली आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. मकर संक्रांतीच्या वेळी बाराबंदी घातलेला सेवेकरी श्री सिद्धरामेश्वरांचा उंच नंदीध्वज पेलून चालतो, तेव्हा लोकांचे लक्ष ध्वजाच्या टोकाकडे असते; मी मात्र दरवेळी त्याच्या कंबरेकडे पाहते. पोट आत ओढलेले नसते आणि बाहेर फुगलेलेही नसते, छातीपासून कंबरेपर्यंतचा भाग खांबासारखा एकसंध असतो आणि पावले मात्र मोकळेपणाने पडत असतात. आठवडेच्या आठवडे आधीपासून होणाऱ्या सरावातून ही पकड तयार होते. घरी पोटाचा व्यायाम करताना आपल्याला लहान प्रमाणात हीच पकड शिकायची आहे.

सिट-अपविषयीचा आक्षेप

सिट-अप करताना धड उचलण्याचे बरेचसे काम पोट करत नाही, तर कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारे स्नायू करतात आणि ते आकुंचन पावताना मणक्यांनाच खेचतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात मणक्याच्या यांत्रिकीचा अनेक वर्षे अभ्यास करणारे स्टुअर्ट मॅगिल यांच्या मोजमापांत एका सिट-अपच्या वेळी कंबरेच्या मणक्यावर ३,००० न्यूटनहून अधिक दाब आढळला, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाचा भार. गुडघे वाकवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. एकदोनदा हा भार सोसण्यात निरोगी माणसाला काही अडचण नाही. प्रश्न रोज शंभर वेळा, तोही वाकलेल्या अवस्थेत, सोसण्याचा आहे. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील गादीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला, तेव्हा उभे राहण्यापेक्षा पुढे झुकून बसण्यात तो कितीतरी जास्त आढळला. म्हणजे जी बाई दिवसभर सुपावर झुकून बसली आहे, तिच्या मणक्याच्या गाद्यांनी तो दाब आधीच सोसलेला असतो, आणि संध्याकाळी तिला पुन्हा शंभर वेळा पुढे वाकायला लावणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

सकाळी उठल्याउठल्या अंथरुणातच सिट-अप काढणे तर त्याहून वाईट आहे. रात्रभर आडवे पडल्यावर मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे माणूस सकाळी रात्रीपेक्षा सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर उंच असतो. फुगलेली गादी वाकवताना तिच्यावरचा ताण वाढतो. म्हणून जागे झाल्यावर निदान अर्धा-एक तास घरात चालावे-फिरावे, पाणी भरावे, चहा घ्यावा आणि मगच कंबर वाकेल असा कोणताही व्यायाम करावा. वर्षानुवर्षे दोन मिनिटांच्या सिट-अपवर जवानांची परीक्षा घेणाऱ्या अमेरिकी सैन्यानेही २०२२ साली लागू झालेल्या नव्या चाचणीत सिट-अपच्या जागी प्लँक, म्हणजे कोपरांवर शरीर फळीसारखे सरळ धरण्याचा व्यायाम, घेतला. ज्याला कंबरेचा काहीच त्रास नाही अशा तरुणाने आठवड्यातून दोनदा थोड्या सिट-अप काढल्या किंवा योगासनांतील नौकासन केले, तर मी त्याला अडवणार नाही. पण पोटाच्या व्यायामाची सुरुवात म्हणून मी ते कोणालाही सांगणार नाही.

पोटावरची चरबी

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण बहुतेक जण पोटाचा व्यायाम विचारतात तेव्हा त्यांच्या मनात पोट कमी करण्याचा विषय असतो. पोटाच्या स्नायूला व्यायाम दिल्याने त्याच्यावरची चरबी वितळत नाही. चरबी साठवणाऱ्या पेशी स्नायूला जोडलेल्या नसतात. शरीराला ऊर्जा हवी असते तेव्हा चरबी सगळीकडून रक्तात उतरते आणि ती कोठून आधी उतरेल हे आनुवंशिकता, वय आणि संप्रेरके ठरवतात. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप काढल्या होत्या. नंतर पोट, पाठ आणि नितंब येथील चरबीच्या पेशी तपासल्या असता पोटावरच्या पेशी इतर दोन ठिकाणांपेक्षा अधिक आकसलेल्या आढळल्या नाहीत.

आपल्याकडे हा विषय जास्त काळजीने घ्यायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. वजनाच्या काट्यावर सडपातळ वाटणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटातही आतड्यांभोवती चरबी साठलेली असू शकते आणि मधुमेहाशी तिचा जवळचा संबंध आहे. म्हणून शिंप्याचा टेप घेऊन शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजावा. तो पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. घेर कमी होतो तो आहारातील ऊर्जा कमी केल्याने, भरभर चालण्याने आणि पुऱ्या झोपेने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. पुढे सांगितलेले व्यायाम या दुसऱ्या भागात मोडतात. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालणे हा पहिला भाग आहे आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

आधी पकड, मग व्यायाम

आमच्या शेजारी राहणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका मावशींना मी हे शिकवले, तेव्हा सर्वांत जास्त वेळ या पहिल्याच पायरीवर गेला. जमिनीवर चादर चौपदरी घालून त्या उताण्या झोपल्या, गुडघे वाकवले आणि पाय जमिनीला टेकवले. कमरेच्या दोन्ही बाजूंना पुढे जी हाडे हाताला लागतात, त्यांच्या दोन बोटे आत मी त्यांना स्वतःचीच बोटे दाबून ठेवायला सांगितली आणि हळूच खोकायला लावले. खोकताना बोटांखाली जे टणक होते, तेच आतले थर होत. आता न खोकता तेवढेच, किंबहुना त्याच्या चौथाईएवढे, टणक करून तसेच धरायचे होते. त्यांनी धरले, पण श्वासही धरला. दोनतीनदा तेच झाल्यावर त्या म्हणाल्या, "बघा की ताई, दम धरला की पोट ताठ होतंय, सोडला की सगळं गेलं." अडचण नेमकी हीच असते. मी त्यांना पोट धरलेले असताना एक ते दहा अंक मोठ्याने म्हणायला सांगितले, कारण बोलणारा माणूस श्वास कोंडून ठेवू शकत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी दहापर्यंत अंक म्हटले आणि बोटांखालचा टणकपणा टिकून राहिला.

ही पकड म्हणजे पोट आत ओढणे नव्हे. पोट पाठीला लावले की कमरपट्टा अरुंद होतो आणि आधार कमी होतो. कोणी थट्टेने पोटावर चापट मारणार आहे असे कळल्यावर आपण जसे पोट सर्व बाजूंनी घट्ट करतो, तसे ते करायचे आहे. श्वास कोंडून जोर लावल्याने रक्तदाब एकदम चढतो, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी अंक मोजण्याची सवय पुढच्या प्रत्येक व्यायामात सोडू नये.

पकड आली की पहिला व्यायाम याच स्थितीतून करता येतो. इंग्रजीत त्याला 'डेड बग' म्हणतात, म्हणजे उलटा पडलेला किडा. उताणे झोपून दोन्ही गुडघे कमरेच्या बरोबर वर आणावेत, पोटऱ्या जमिनीला समांतर ठेवाव्यात आणि हात छताकडे सरळ करावेत. पोट धरून, श्वास सोडत, उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय पुढे सावकाश जमिनीकडे न्यावा, टेकण्याआधीच परत आणावा आणि मग दुसरी जोडी करावी. कमरेखालची पोकळी या सगळ्या वेळात बदलता कामा नये. ती ओळखण्यासाठी सोलापुरी टॉवेलची एक घडी कमरेखाली ठेवावी आणि त्याचे टोक घरातल्या कोणाला तरी हलके ओढायला सांगावे; पाय खाली जाताना टॉवेल सुटला, तर कंबर उचलली गेली असे समजावे आणि पाय तितका खाली नेऊ नये. ज्यांना हे जड जाते त्यांनी हात न हलवता एकेका टाचेने नुसता जमिनीला स्पर्श करावा. प्रत्येक बाजूला पाच वेळा, घाई न करता केले, तर पोटाला पुरेसे श्रम होतात. माझ्या मते जमिनीवर झोपून एकच व्यायाम करायला वेळ असेल तर तो हाच करावा.

मॅगिल यांनी कंबरदुखीच्या रुग्णांसाठी तीन व्यायाम निवडले आणि ते जगभर शिकवले जातात. त्यांतला पहिला सिट-अपची जागा घेतो. उताणे झोपून एक पाय सरळ आणि दुसरा गुडघ्यात वाकवलेला ठेवायचा, दोन्ही तळहात कमरेखालच्या नैसर्गिक पोकळीत पालथे घालायचे आणि मान, डोके व खांदे एकसंध ठेवून जमिनीपासून फक्त दोनतीन बोटे उचलायचे. हनुवटी छातीला लावायची नाही. आठ ते दहा सेकंद धरून खाली यायचे. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते, पण कंबर न वाकवता मधला उभा स्नायू पूर्ण आवळला जातो.

दुसऱ्यात माणूस कुशीवर असतो. कोपर बरोबर खांद्याखाली टेकवून, गुडघे वाकवून, कंबर जमिनीपासून उचलायची आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेषा धरायची. दहा सेकंदांची एक खेप पुरते. काही आठवड्यांनी गुडघ्यांऐवजी पावलांवर हेच करता येते. दोन्ही तिरके थर आणि कुशीचा खोलवरचा स्नायू यात काम करतो, आणि रोजच्या कोणत्याही कामात कुशीला असा श्रम मिळत नाही म्हणून पहिल्या दिवशी हा व्यायाम सर्वांनाच कठीण वाटतो.

तिसऱ्यासाठी लहान मुलासारखे हात आणि गुडघे टेकून ओणवे व्हावे. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, पाठीच्या रेषेत सरळ करावा, आठ-दहा सेकंद धरावा आणि मग बाजू बदलावी. पाय उंच नेण्याची चढाओढ करू नये, त्याने कंबरेत बाक येतो. घरात याची पारख करणारे उत्तम साधन म्हणजे लाटणे. ते कमरेवर आडवे ठेवले आणि हातपाय हलवताना ते गडगडत खाली आले नाही, तर धड स्थिर राहिले असे खुशाल समजावे. मावशींच्या नातवंडांना हा प्रकार इतका आवडला, की आता त्या हा व्यायाम करताना लाटण्यावर पहारा ठेवायला दोन मुले नेहमी हजर असतात. तिन्ही व्यायामांत पहिल्या खेपेला प्रत्येक बाजूस सहा, थोडे थांबून चार आणि शेवटी दोन अशी उतरती संख्या ठेवली, तर थकलेल्या स्नायूला चुकीच्या पद्धतीने ओढत नेण्याची वेळ येत नाही.

प्लँक सर्वांना माहीत आहे, त्यामुळे त्याविषयी थोडेच सांगते. सूर्यनमस्कारात दोन्ही पाय मागे नेऊन शरीर फळीसारखे सरळ धरण्याची जी स्थिती येते, तीच कोपरांवर धरली की प्लँक होतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो ध्यास घेतला, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक घरांत ही स्थिती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तीन-तीन मिनिटे धरून थरथरत राहण्यात लाभ नाही. दहा ते वीस सेकंद, नितंब आवळून, कंबर खाली लोंबू न देता धरावे, सोडावे आणि पुन्हा धरावे. वयस्कर माणसांनी किंवा मनगट-खांदे दुखणाऱ्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर कोपरे टेकवून, पाय मागे नेऊन हेच करावे. शरीर जितके उभ्याच्या जवळ तितका भार कमी.

कळशीचा व्यायाम

जमिनीवर न झोपता करता येणारा एक व्यायाम मला या सर्वांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, आणि सोलापुरात त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, ते काही दिवसांआड येते आणि त्या दिवशी प्रत्येक घरात कळश्या-बादल्यांची धावपळ चालते. भरलेली दहा लिटरची बादली म्हणजे बादलीच्या वजनाशिवाय दहा किलो ओझे. ती एकाच हातात घेतली की शरीर त्या बाजूला कलू लागते, आणि ते कलू नये म्हणून उलट बाजूच्या कुशीचे तिरके थर आवळले जातात. बहुतेक जण याच क्षणी दुसऱ्या बाजूला झुकून, कंबर वाकडी करून चालतात आणि मग संध्याकाळी कंबर धरते. त्याऐवजी बादली उचलण्यापूर्वी पोट धरावे, गुडघ्यांत आणि कमरेच्या सांध्यात वाकून, पाठ सरळ ठेवून ती उचलावी, दोन्ही खांदे एका पातळीत ठेवून लहान लहान पावलांनी चालावे आणि पुढची खेप दुसऱ्या हाताने करावी. ज्याचे पोट अजून तयार नाही त्याने अर्धी बादली घ्यावी. वजनाचे डंबेल हातात घेऊन व्यायामशाळेत जे करून घेतात ते हेच आहे.

धड वळू न देण्याचा सरावही घरी करता येतो. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर बांधावी, खिडकीकडे कुशी करून उभे राहावे, दोन्ही हातांनी ट्यूबचे टोक छातीशी धरावे आणि सरळ पुढे ढकलून पाच सेकंद तेथेच थांबावे. ट्यूब शरीराला खिडकीकडे वळवू पाहते आणि पोट ते होऊ देत नाही. गज पक्का आहे आणि ट्यूबला चिरा नाहीत, हे आधी पाहून घ्यावे.

हे सगळे रोज करण्याची गरज नाही. पकडीचा सराव आणि एखादा जमिनीवरचा व्यायाम रोज पाच-सात मिनिटे, आणि पूर्ण क्रम आठवड्यातून तीन-चार दिवस पंधरा-वीस मिनिटे पुरेसा आहे. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात दुपारी व्यायाम करू नये. पहाटेचा गारवा घ्यावा, मात्र उठल्यानंतरचा तो अर्धा तास जाऊ द्यावा. पहिल्या दोनतीन आठवड्यांत जो फरक जाणवतो तो मेंदूने स्नायू वेळेवर वापरायला शिकल्याचा असतो, स्नायूची जाडी वाढायला त्याहून बराच काळ लागतो.

काहींनी मात्र डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवल्याशिवाय सुरुवात करू नये. खोकताना बेंबीपाशी किंवा जांघेत फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. सिझेरियन झालेल्या स्त्रियांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच प्रारंभ करावा, आणि गरोदर स्त्रियांनी पहिले तीन महिने उलटल्यावर फार वेळ उताणे झोपून व्यायाम करू नये. बाळंतपणानंतर मध्यरेषेवरचे विणकाम सैल पडून दोन उभ्या पट्ट्या एकमेकींपासून दूर गेलेल्या असतात. अनेकींचे ते काही महिन्यांत आपोआप सावरते, काहींचे वर्षानुवर्षे तसेच राहते आणि पोट गेलेच नाही असे त्यांना वाटत राहते. उताणे झोपून डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वरखाली बोटे आडवी ठेवून पाहावे. दोन बोटांहून अधिक फट लागत असेल, किंवा तेथे मध्यभागी डोंगरासारखा उंचवटा येत असेल, तर सिट-अप आणि प्लँक दोन्ही बाजूला ठेवून केवळ पकडीचा सराव आणि टाचेने स्पर्श करण्याचा सोपा प्रकार करावा, आणि तोही उंचवटा येत नाही इतपतच. कंबरेतून पायात उतरणारी कळ वाढत असेल तर व्यायाम थांबवावा. पाय बधिर होणे किंवा त्यातली शक्ती जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूची संवेदना जाणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मावशींचे विड्या वळणे बंद झालेले नाही आणि होणारही नाही, कारण घर त्यावर चालते. त्यांनी केलेला बदल एवढाच आहे, की दर दोनशे विड्यांनंतर सूप खाली ठेवतात, एक हात जमिनीला आणि एक उंबऱ्याला लावून, पोट धरून उठतात, दोन्ही हात वर नेऊन पाठ सरळ करतात, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे झुकतात आणि दाराशी पाच-सात पावले टाकून पुन्हा बसतात.